टॉयलेट ब्लॉक बंद, पण फाटक उघडं: ब्रिटनच्या कॅरव्हॅन क्लबांच्या आखडत्या हंगामाचं एक प्रकरण

२०२० सालचा मे हा ब्रिटनच्या नोंदींमधला तोवरचा सर्वांत जास्त उन्हाचा महिना ठरला. त्या अख्ख्या महिन्यात देशभरातल्या कॅरव्हॅन क्लबांच्या साइट, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर (कॅरव्हॅन) नेऊन मुक्काम करायच्या जागा, बंद होत्या. २३ मार्चला कोविडची टाळेबंदी जाहीर झाली आणि इंग्लंडमधली फाटकं पुन्हा उघडली ती ४ जुलैला. मधले १०३ दिवस हंगामातून वजा झाले. १२ एप्रिलचा ईस्टर गेला, मे महिन्यातले दोन्ही बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचे दिवस, गेले, मेअखेरची शाळांची सुट्टी गेली.

साथीमुळे आखडलेला तो हंगाम आज पुन्हा तपासायचं कारण वेगळं आहे. साथ संपली, तरी काही साइटचा हंगाम दोन्ही टोकांनी आखडतो आहे. मार्चच्या सुरुवातीला उघडणारी साइट मार्चअखेरीस उघडते, नववर्षापर्यंत चालणारी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आटोपते. आता कारण दिलं जातं खर्चाचं. त्यावर सदस्य चिडतात, क्लब हिशेब दाखवतो आणि चर्चा तिथेच अडकते: साइट उघडी ठेवायची की बंद? माझं म्हणणं असं की २०२० च्या उन्हाळ्यात या दोहोंच्या मधला एक पर्याय देशाने प्रत्यक्ष वापरून पाहिला होता, आणि हंगाम ठरवताना तोच विसरला जातो आहे.

क्लब आणि त्यांच्या साइट

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये या क्षेत्रात दोन मोठे क्लब आहेत. कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लबचं मूळ १९०१ मधलं. थॉमस हायरम होल्डिंग नावाच्या शिंप्याने सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांची संघटना काढली, तिचाच हा विस्तार. दुसरा १९०७ चा कॅरव्हॅन क्लब. तेव्हा कॅरव्हॅन घोडे ओढत असत. २०१७ मध्ये त्याने नाव बदलून कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब असं केलं, कारण गाडीमागे ओढायच्या कॅरव्हॅनबरोबर स्वतःचं इंजिन असलेली मोटरहोमही सदस्यांमध्ये वाढली होती. दोन्ही सदस्यांच्या संस्था आहेत, भागधारकांना नफा वाटणाऱ्या कंपन्या नाहीत. म्हणूनच हंगाम कमी झाला की लोकांना ते दुकानाच्या वेळा बदलल्यासारखं वाटत नाही. वर्गणी भरून उभं केलेलं आपलंच काहीतरी आपल्याला बंद झालं, असं वाटतं. ही भावना मला रास्त वाटते.

क्लब साइट म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त पिच, म्हणजे एकेक कॅरव्हॅन किंवा तंबू उभा करायच्या आखलेल्या जागा. काही गवतावर, काही खडी टाकून पक्क्या केलेल्या, ज्यांना सगळे हार्डस्टँडिंग म्हणतात. पिचजवळ विजेचा हुक-अप, म्हणजे कॅरव्हॅनला वीज जोडायची सोय, बहुधा १६ अँपिअरची. ठरावीक अंतरावर पिण्याच्या पाण्याचा नळ. सांडपाणी ओतायची जागा. केमिकल टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, रिकामी करायची जागा, तिला एल्सन पॉइंट म्हणतात. आणि मधोमध किंवा एका कडेला टॉयलेट ब्लॉक: शौचालयं, गरम पाण्याचे शॉवर, भांडी धुवायची जागा, कपडे धुवायचं यंत्र, अपंगांसाठी वेगळी खोली. हे सगळं सांभाळायला वॉर्डन असतात. बहुतेकदा ते नवरा-बायको असतात, हंगामभर साइटवरच स्वतःच्या कॅरव्हॅनमध्ये राहतात आणि फाटकावरच्या नोंदीपासून गवत कापण्यापर्यंत सगळं बघतात.

याच्या अगदी उलट टोकाला शेतकऱ्याच्या शेतातल्या पाच पिचच्या जागा आहेत. १९६० च्या कॅरव्हॅन साइट कायद्याने मान्यताप्राप्त क्लबांना अधिकार दिला की एखाद्या जमिनीला आपलं प्रमाणपत्र द्यावं, आणि तिथे क्लबच्या सदस्यांच्या जास्तीत जास्त पाच कॅरव्हॅन उभ्या राहाव्यात. एक क्लब त्यांना सर्टिफिकेटेड लोकेशन म्हणतो, दुसरा सर्टिफिकेटेड साइट. पाण्याचा नळ, एल्सन पॉइंट, कचऱ्याची सोय. पुष्कळ ठिकाणी याहून जास्त काही नसतं. यांतल्या अनेक जागा बाराही महिने चालतात. 

बंद कसं झालं

फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा आणि डेनिस ही दोन वादळं पाठोपाठ येऊन गेली होती आणि तो ब्रिटनमधला नोंदींतला सर्वांत ओला फेब्रुवारी ठरला. गवताच्या पिच चिखलात होत्या. तरी हंगामी साइट नेहमीप्रमाणे मार्चमध्ये उघडायच्या तयारीत होत्या. पाणी चढवलं जात होतं, वॉर्डन जोडपी आपापल्या नेमणुकीच्या जागी पोचत होती.

२१ मार्चच्या शनिवारी वेल्समधल्या स्नोडन परिसरात इतकी गर्दी झाली की तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने त्याला लोकांच्या आठवणीतला सर्वांत गर्दीचा दिवस म्हटलं. शहरातून सुटून मोकळ्या जागी जायचं, हीच सगळ्यांची प्रेरणा होती. वेल्स सरकारने लगेच कॅरव्हॅन पार्क आणि कॅम्पसाइट बंद करायला लावल्या, आणि त्याच सुमाराला सबंध देश बंद झाला. खेड्यातला एकच दवाखाना, एकच दुकान, त्यावर बाहेरून आलेल्या शेकडो लोकांचा भार. त्या आठवड्यात बंदी घालण्याशिवाय दुसरा शहाणपणाचा मार्ग नव्हता, असंच मला आजही वाटतं.

इंग्लंडच्या २६ मार्चच्या नियमांमध्ये एक अपवाद होता. जे आपल्या घरी परतू शकत नाहीत, किंवा ज्यांचं राहतं घरच तिथे आहे, त्यांना राहू देता येत होतं. वर्षभर कॅरव्हॅनमध्येच राहणारी माणसं या देशात आहेत, आणि ती सगळी हौसेने राहतात असंही नाही. साइट बंद झाली की त्यांना मित्राच्या आवारापासून शेतकऱ्याच्या कुरणापर्यंत काहीतरी शोधावं लागतं. हंगामाच्या तारखा ठरवताना या लोकांचा विचार क्वचितच होतो, कारण क्लबच्या दृष्टीने साइट सुट्टीसाठी असते.

हंगामी नोकरांचं दुखणं आणखी वेगळं. काम थांबलेल्या नोकरांचा पगार भरणारी सरकारची फर्लो योजना आली: पगाराच्या ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत. पण आधी अट होती की माणूस २८ फेब्रुवारीला पगारपत्रकावर असला पाहिजे. नंतर ती तारीख १९ मार्चपर्यंत पुढे आणली. ज्याची नेमणूक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किंवा ईस्टरला सुरू व्हायची होती, त्याच्या हाती यातून काही आलं नाही. पर्यटनातल्या सगळ्याच हंगामी कामगारांची ही गत होती. हंगाम दोन आठवड्यांनी पुढे ढकलणं कार्यालयात बसून सोपं दिसतं. ज्याने घर भाड्याने देऊन कॅरव्हॅनमध्ये मुक्काम हलवलाय, त्याच्यासाठी ते दोन आठवडे बिनपगारी आणि बिनछपराचे असतात.

उघडलं कसं: प्रकरणाचा गाभा

उघडण्याच्या तारखा बघा. उत्तर आयर्लंडमध्ये २६ जून. इंग्लंडमध्ये ४ जुलै. ही तारीख पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २३ जूनला जाहीर केली, म्हणजे साइटना तयारीला जेमतेम अकरा दिवस मिळाले. स्कॉटलंडने मात्र दोन तारखा दिल्या. ३ जुलैला ज्यांची सगळी सोय स्वतःपाशी आहे अशांसाठीचे मुक्काम खुले झाले आणि १५ जुलैला सामायिक सोयी असलेले सगळे. वेल्सनेही तसंच केलं: ११ जुलै आणि २५ जुलै.

या दोन तारखांमधल्या बारा-चौदा दिवसांत काय घडलं? कॅरव्हॅन साइट टॉयलेट ब्लॉकला कुलूप लावून चालल्या. ज्याच्या गाडीत स्वतःचं शौचालय, स्वतःचा शॉवर, स्वतःची पाण्याची टाकी आहे, तो आला, राहिला, गेला. नळ, हुक-अप आणि एल्सन पॉइंट एवढ्यावर त्याचं भागलं. आजच्या जवळजवळ प्रत्येक टूरिंग कॅरव्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट असतं, बहुतेकांत शॉवर असतो. साइट म्हणजे एकसंध वस्तू आहे, ती एक तर पूर्ण उघडी नाही तर पूर्ण बंद, हा समज त्या पंधरवड्यात कायद्यानेच मोडीत काढला. पिच वेगळी, ब्लॉक वेगळा. दोघांना वेगवेगळ्या तारखा असू शकतात.

अर्थात हे करायला भाग पडलं होतं आणि काळ उन्हाळ्याचा होता. जुलैत थंड पाण्याने भांडी धुणं आणि नोव्हेंबरात ते करणं यात फरक आहे. तरीही तत्त्व सिद्ध झालं होतं.

बंद जागा पुन्हा उघडताना काय काय करावं लागतं, तेही त्या वर्षी लख्ख दिसलं. साडेतीन महिने नळांत पाणी साचून होतं. अशा कोमट, स्थिर पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. त्यासाठी गरम पाणी टाकीत ६० अंश सेल्सियसला ठेवायचं, थंड पाणी २० अंशांच्या खाली, आणि कमी वापराचे नळ व शॉवर दर आठवड्याला सोडून पाणी वाहतं करायचं, असा नियम आहे. म्हणजे ब्लॉक वापरात असो-नसो, पाणी भरलेलं असेल तोवर त्याला माणूस आणि ऊर्जा लागतेच. लांब बंद ठेवायचा तर सगळ्या नळ्या रिकाम्या करायच्या. हिवाळ्यात तर हे करावंच लागतं, नाहीतर गोठून फुटतात. ब्लॉक हा साइटचा सर्वांत खर्चिक अवयव का, याचं उत्तर इथे आहे.

त्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. पुष्कळ साइटचा हंगाम क्लबच्या मर्जीने ठरत नाही. नियोजन परवान्यातच लिहिलेलं असतं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मूळ उद्देश असा की सुट्टीच्या जागेचं कायम वस्तीत रूपांतर होऊ नये आणि हिवाळ्यात परिसराला विसावा मिळावा. जुलै २०२० मध्ये गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संसदेत लेखी निवेदन करून स्थानिक नियोजन खात्यांना सांगितलं की, बुडालेला हंगाम भरून काढायला कोणी नेहमीच्या तारखांपलीकडे साइट चालवली तर कारवाईचा आग्रह धरू नका. शिवाय १५ जुलैपासून पिचच्या भाड्यावरचा व्हॅट २० वरून ५ टक्क्यांवर आला, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो साडेबारा झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये परत २०. म्हणजे सरकार तेव्हा हंगाम लांबवा म्हणत होतं आणि त्याला पैशाचंही बळ देत होतं. परदेशी जाता येत नसल्याने लोकांनी देशातच सुट्ट्या काढल्या, साइट भरल्या. दोन वर्षं हंगामाच्या टोकांचा प्रश्न कोणाला पडला नाही.

मग खर्च आला

२०२२ मध्ये विजेचे दर भडकले. घरगुती ग्राहकांना दराची कमाल मर्यादा होती, धंद्यांना नव्हती; त्यांच्यासाठी सरकारची मदत योजना ऑक्टोबर २०२२ पासून सहा महिने चालली. कायदेशीर किमान वेतन, ज्याला तिथे नॅशनल लिव्हिंग वेज म्हणतात, एप्रिल २०२० मध्ये ताशी ८.७२ पौंड होतं. एप्रिल २०२५ मध्ये १२.२१ झालं. पाच वर्षांत ४० टक्के वाढ. ती कामगारांच्या हक्काची होती आणि तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. त्याच एप्रिलमध्ये मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू होण्याची वार्षिक पगाराची मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. हंगामी, अर्धवेळ माणसांवर चालणाऱ्या संस्थेला या खालच्या मर्यादेचाच जास्त फटका बसतो, कारण पूर्वी ज्यांच्यावर हा भार जवळजवळ पडत नव्हता तेही आता त्यात येतात.

आता एक हिशेब मांडू. आकडे कोणत्याही खऱ्या साइटचे नाहीत, समजण्यासाठी मी धरलेले आहेत. फक्त वेतनाचा दर खरा आहे, एप्रिल २०२५ चा. साठ पिचची साइट, नोव्हेंबरातला मंगळवार. बारा पिच भरल्या आहेत. रात्रीचा दर २० पौंड, त्यातून व्हॅट काढला की १६.६७ उरतात. बारांचे २०० पौंड. कॅरव्हॅन तापवायला आणि बाकी वापराला प्रत्येकी १५ युनिट वीज धरा, दर ३० पेन्स. तेव्हा ५४ पौंड गेले, कारण अनेक साइटवर वीज पिचच्या भाड्यातच धरलेली असते. दोन वॉर्डन, प्रत्येकी आठ तास: १९५ पौंड. आत्ताच ४९ पौंडांचा तोटा, आणि अजून ब्लॉक तापवणं, गरम पाणी, साफसफाईचं सामान, कचरा, विमा काहीच धरलेलं नाही. पाहुणा एक असो की पन्नास, चूल पेटवावीच लागते, तसं हे आहे. क्लबचे हिशेबनीस खोटं बोलत नाहीत. सगळं उघडं ठेवून नोव्हेंबर चालवणं परवडत नाही.

आता ब्लॉक बंद करा. साफसफाई गेली, म्हणून वॉर्डनचे तास निम्मे: ९८ पौंड. सोयी कमी म्हणून दरही २० चा १६ करू, ते न्याय्य आहे. व्हॅट वजा जाता १३.३३, बारांचे १६०. त्यातून वीज ५४ आणि वेतन ९८ गेलं की उरतात ८ पौंड. जेमतेम. एका रात्री दोन पिच कमी भरल्या की ते ८ पौंड संपून खड्डा पडतो.

म्हणजे नुसतं ब्लॉकला कुलूप लावून भागत नाही. खरा फरक पडतो तो पुढच्या बदलाने: वीज मीटरवर घ्या. ज्याने जितकी जाळली तितकी त्याने भरावी. मग क्लबच्या बाजूने १६० मधून फक्त ९८ जातात आणि ६२ पौंड उरतात, त्यातून बाकीचे किरकोळ खर्च निघू शकतात. पाहुण्याला १६ अधिक विजेचे साडेचार, म्हणजे साडेवीस पौंड पडतात, जवळजवळ पूर्वीइतकेच. जो गॅसवर तापवतो किंवा ज्याच्या छपरावर सौर पॅनल आहे, त्याला त्याहून कमी. १६ अँपिअरच्या हुक-अपवरून एक कॅरव्हॅन २३० व्होल्टला साडेतीन किलोवॉटहून जास्त ओढू शकते. कडाक्याच्या थंडीत दिवसरात्र दोन किलोवॉटचा हीटर चालला तर ४८ युनिट होतात, आणि त्या एका पिचचं भाडं विजेतच संपतं. वीज भाड्यात धरण्याची जुनी पद्धत उन्हाळ्यात निभावते. हिवाळ्यात तीच साइट बंद पाडते.

प्रत्येक पिचला मीटर बसवणं हा मोठा भांडवली खर्च आहे, हे कबूल. पण सगळ्या साइटवर एकदम कशाला? हिवाळ्यात ज्या पक्क्या पिच वापरायच्या तेवढ्यांनाच आधी बसवावेत.

न्यू फॉरेस्टचा पुरावा, दोन्ही बाजूंचा

कागदावरचा हिशेब सोडून जमिनीवर काय दिसतं? दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात जंगलातल्या साइटचा एक गट आहे, ज्याच्या कारभारात कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लबचा वाटा राहिला आहे. त्यातली सेटथॉर्न्स ही साइट मला फार बोलकी वाटते. तिथे टॉयलेट ब्लॉक नाही. स्वतःचं केमिकल टॉयलेट असेल तरच या, असा दंडक. हुक-अप आहेत. आणि वर्षानुवर्षं ती बाराही महिने चालत आली. त्याच परिसरातल्या, ब्लॉक असलेल्या हॉलंड्स वूडसारख्या साइट मात्र वसंतात उघडून शरदात बंद होणाऱ्या.

इतक्यावरच थांबलो तर माझा मुद्दा फार सहज सिद्ध होईल. त्याच जंगलात डेनी वूड आहे. तिथेही शौचालयं नाहीत, तरी ती हंगामीच चालत आली आहे. तिथे हुक-अप नाहीत आणि जमीन गवताळ, मऊ. जंगलातली मोकाट चरणारी घोडी त्याच गवतावर जगतात, आणि दीड-दोन टनांच्या कॅरव्हॅनने ओल्या हिवाळ्यात पाडलेले चर वसंतापर्यंत बुजत नाहीत. तेव्हा हंगामाच्या टोकांना कोणती साइट चालू शकते, हे आधी पायाखालच्या जमिनीवर ठरतं, मग विजेवर, आणि त्यानंतर ब्लॉकवर. ज्या साइटवर पक्क्या पिच कमी आहेत तिथला हंगाम आखडला तर मी सदस्यांच्या नाही, जमिनीच्या बाजूने उभा राहीन.

कोणाचं नुकसान होतं

ब्लॉक बंद ठेवून चालणारा हंगाम सगळ्यांचा नाही, हे लपवता कामा नये. तंबूवाले पूर्णपणे बाहेर राहतात, आणि दोन क्लबांपैकी एक तर जन्मला तोच तंबूंसाठी. ज्याला कॅरव्हॅनच्या अरुंद कोपऱ्यात वळता येत नाही, ज्याला आधाराचे दांडे असलेलं, खुर्ची आत जाईल असं शौचालय लागतं, त्याच्यासाठी ब्लॉक ही चैन नसते. नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये येणारे सदस्य बहुतेक निवृत्त असतात; शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, गर्दी नको, दर कमी. म्हणजे हंगामाची टोकं ज्यांना हवी आहेत, त्यांच्यातच ब्लॉकची गरज असलेले जास्त. यावर मला सुचणारा उपाय असा की अख्खा ब्लॉक बंद करायचा, पण अपंगांसाठीची खोली, जिला बहुतेक ठिकाणी बाहेरून स्वतंत्र दार असतं, ती तेवढी तापवून चालू ठेवायची. छोट्या स्वतंत्र हीटरवर एक खोली राखता येते. तिचं स्वच्छतेचं काम वॉर्डनच्या निम्म्या तासांत बसू शकतं.

पाणी गोठण्याचा प्रश्न उरतो. बाहेरचे नळही गोठतात. पण एक-दोन नळ गुंडाळून, तापणाऱ्या विजेच्या तारा लावून जपणं आणि अख्ख्या ब्लॉकची नळव्यवस्था जपणं यात अंतर आहे. गोठणाच्या रात्री लोक चाळीस लिटरचा पाण्याचा पिंप आधीच भरून ठेवतात. हिवाळ्यात फिरणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

आणि साइट बंद केली म्हणून लोक घरी बसतात असं होत नाही. मोटरहोम वाढल्यात. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा नॉर्थ कोस्ट ५०० हा सुमारे ५१६ मैलांचा मार्ग २०१५ मध्ये आखला गेला आणि आता ऑक्टोबर-नोव्हेंबरातही त्यावर गाड्या असतात. साइट बंद असली की त्या रस्त्याकडेच्या थांब्यांवर, चर्चच्या वाहनतळावर, समुद्रकाठच्या कुरणाच्या कडेला रात्र काढतात. स्कॉटलंडचा २००३ चा जमीन सुधारणा कायदा पायी फिरून तंबू ठोकण्याचा हक्क देतो, पण तो मोटारगाड्यांना लागू नाही. मग कॅसेट कुठे रिकामी होते? या प्रश्नाचं उत्तर त्या गावांतल्या लोकांना विचारलं तर ते संतापाने देतात. म्हणून फाटक बंद करताना निदान एल्सन पॉइंट आणि पाण्याचा नळ पैसे घेऊन का होईना चालू ठेवावा, एवढी तरी अपेक्षा आहे. गावातलं दुकान, पब, मासे विकणारा यांच्यासाठीही बारा कॅरव्हॅन म्हणजे चोवीस गिऱ्हाइकं असतात, आणि नोव्हेंबरच्या मंगळवारी त्यांना दुसरं कोण येणार?

आपल्याकडे

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोकणात किंवा सह्याद्रीच्या उतारावर कोणी कॅरव्हॅन पार्क काढायचं ठरवलं, तर त्याच्यापुढे हंगामाचा प्रश्न पहिल्याच जूनमध्ये येणार. आपल्याकडचा आडवा महिना थंडीचा नाही, पावसाचा. तिथेही आधी जमीन बघावी लागेल. जांभ्याच्या सड्यावरची पक्की जागा आणि भातखाचराशेजारची मऊ जागा यांचं गणित वेगळं. मुंबई-पुण्याहून पाऊस बघायला निघालेल्या माणसाला जूनमध्ये अर्ध्या सोयींची पक्की जागा मिळाली तर तो येईल, पण त्यासाठी पार्क बांधतानाच पिचची वीज, पाणी आणि सांडपाणी ब्लॉकपासून वेगळं तोडता येईल अशी नळजोडणी आणि वायरिंग करावी लागेल. ब्रिटनमधल्या जुन्या साइटना आज हे मागाहून करायला जड जातंय, कारण ब्लॉकचं पाणी तोडलं की पिचचे नळही कोरडे पडू शकतात.

क्लबांनी पुढच्या वर्षासाठी काय करावं

माझ्या मते एका हिवाळ्यापुरता प्रयोग पुरे. पक्क्या पिच भरपूर असलेल्या, ज्यांच्या परवान्यात हंगामाची अट नाही अशा मोजक्या साइट निवडाव्यात. तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ब्लॉक बंद, अपंगांची खोली चालू, वीज मीटरवर, दर कमी. वॉर्डन जोडप्याला अर्ध्या तासांचा पण बारमाही करार द्यावा. पुष्कळांना दर नोव्हेंबरात कॅरव्हॅन हलवून दुसरी जागा शोधण्यापेक्षा तो नक्की आवडेल. आणि साइटच्या पानावर तीन वेगळ्या तारखा छापाव्यात: फाटक कधी उघडणार, ब्लॉक कधी उघडणार, गवताच्या पिच कधी उघडणार. ईस्टर एका वर्षी ३१ मार्चला येतो, पुढच्या वर्षी २० एप्रिलला, जसा २०२४ आणि २०२५ मध्ये आला. एकच उघडण्याची तारीख धरून बसलं की एखाद्या वर्षी ब्लॉक तीन आठवडे रिकामा तापत राहतो. तारखा वेगळ्या केल्या तर फाटक मार्चच्या पहिल्या आठवड्यातही उघडू शकतं, आणि ब्लॉकचा बॉयलर ईस्टरच्या चार दिवस आधी पेटवला तरी चालतं. हिवाळा संपल्यावर त्या साइटचे प्रत्यक्ष आकडे, किती पिच भरल्या, किती वीज गेली, किती तास लागले, हे सदस्यांपुढे ठेवावेत. आज हंगाम कमी झाल्याची तारीख सदस्यांना कळते, पण ती ज्या आकड्यांवर ठरली ते आकडे कळत नाहीत.